मुंबईने टोल काढला, न्यूयॉर्कने लावला : पैसे घेऊन रस्त्यावरची कोंडी कमी होते का?

१४ ऑक्टोबर २०२४. मध्यरात्रीचे बारा वाजले आणि मुंबईच्या वेशीवरच्या पाचही टोलनाक्यांवर कार आणि इतर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडकडचे दोन नाके. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. कारवाल्यांचे एका वेळचे ४५ रुपये वाचले आणि नाक्यावरची रांगही टळली. बहुतेकांनी या निर्णयाचं स्वागतच केलं.

साधारण बारा आठवड्यांनी, ५ जानेवारी २०२५ ला, न्यूयॉर्कने नेमकं उलटं केलं. मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी न्यायची असेल तर दिवसाच्या वेळी ९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण पावणेआठशे रुपये, भरायचे. त्या शहराने हा पैसा कोणत्याही नव्या पुलाच्या वसुलीसाठी लावलेला नाही. रस्त्यावर गर्दी आहे, म्हणून पैसे.

दोन्ही शहरं समुद्राला लागून, दोन्ही देशाच्या आर्थिक राजधान्या आणि दोन्हीकडे कोंडीने लोक हैराण. तरी एकाने पैसे घेणं थांबवलं आणि दुसऱ्याने सुरू केलं. असं का? आणि गाडी आणण्यासाठी पैसे घेतले की कोंडी खरंच कमी होते का?

गर्दी शुल्क म्हणजे काय? ते टोलपेक्षा वेगळं कसं?

याला इंग्रजीत कंजेशन चार्ज किंवा कंजेशन प्रायसिंग म्हणतात. मराठीत गर्दी शुल्क म्हणता येईल. शहराच्या सगळ्यात गजबजलेल्या भागाभोवती एक हद्द आखायची. गर्दीच्या वेळेत त्या हद्दीत खासगी गाडी आली की कॅमेरा नंबरप्लेट टिपतो किंवा गाडीतल्या उपकरणातून पैसे कापले जातात. रात्री दर कमी असतो किंवा शून्य.

टोल आणि गर्दी शुल्क यांत हेतूचा फरक आहे. टोल हा खर्चाच्या वसुलीसाठी असतो. मुंबईच्या वेशीवरचा टोल शहरात बांधलेल्या उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी होता. त्यामुळे टोल घेणाऱ्याला जितक्या जास्त गाड्या येतील तितकं बरं. गर्दी शुल्काचं गणित याच्या उलट आहे. काही लोकांनी गाडी घरी ठेवावी, वेळ बदलावी किंवा बस-ट्रेनने यावं यासाठीच ते लावलेलं असतं. पैसे भरून सगळेच पूर्वीसारखे येत राहिले, तर तिजोरी भरेल, पण योजना फसली असं म्हणावं लागेल.

गाडीची खरी किंमत कोण मोजतं?

ही कल्पना मांडणाऱ्यांमध्ये ठळक नाव विल्यम विक्री यांचं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते अर्थशास्त्र शिकवायचे. गर्दीच्या वेळी रस्ता वापरणाऱ्याकडून जास्त पैसे घ्यावेत आणि त्यासाठी गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक ओळख बसवावी, असं ते १९५० च्या दशकापासून सांगत होते. त्या काळात हे लोकांना अजब वाटायचं. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत त्यांचं निधन झालं. त्यांच्या स्वतःच्या शहरात शुल्क सुरू व्हायला त्यानंतर आणखी २८ वर्षं लागली.

त्यांचा मुद्दा सोपा होता. रस्ता रिकामा असताना एक गाडी वाढली तर कुणाला फरक पडत नाही. रस्ता भरत आला असताना तीच एक गाडी आली, की मागच्या प्रत्येकाला थोडा थोडा उशीर होतो. गाडीवाला स्वतःचं पेट्रोल आणि स्वतःचा वेळ मोजतो. त्याच्यामुळे मागच्या पन्नास जणांचा गेलेला वेळ त्याच्या हिशेबात कुठेच येत नाही.

म्हणजे गर्दीच्या रस्त्याची किंमत आजही दिली जातेच. फक्त ती पैशांऐवजी वेळेत दिली जाते आणि सगळ्यांकडून सारखीच वसूल होते. एका कारमध्ये एकटा बसलेला माणूस आणि त्याच कारमागे अडकलेल्या बसमधले साठ प्रवासी, दोघांचाही अर्धा तास जातो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. भरत आलेल्या रस्त्यावरून थोड्या गाड्या कमी झाल्या तरी वेगात मोठा फरक पडतो. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईतले रस्ते अचानक सुसह्य वाटतात, ते याचमुळे. तेव्हा सगळं शहर गावाला गेलेलं नसतं. गाड्या थोड्याच कमी झालेल्या असतात, पण तेवढं पुरतं. गर्दी शुल्काचा सगळा डाव या 'थोड्या' गाड्यांवर आहे.

सिंगापूर : काचेवर चिकटवलेला परवाना

हा प्रयोग प्रत्यक्षात आणणारं पहिलं शहर सिंगापूर. २ जून १९७५ पासून तिथे सकाळच्या गर्दीत मध्यवर्ती भागात कार न्यायची तर दिवसाला ३ सिंगापूर डॉलरचा कागदी परवाना घ्यावा लागायचा. तो समोरच्या काचेवर लावायचा आणि हद्दीवर उभे असलेले कर्मचारी तो डोळ्यांनी तपासायचे. कारमध्ये चार किंवा जास्त माणसं असतील तर परवान्याची गरज नव्हती.

परिणाम अपेक्षेपेक्षा जास्त झाला. त्या वेळेतली वाहनं ४० टक्क्यांहून जास्त घटली. पण अडचणीही लगेच दिसल्या. शुल्काची वेळ सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर गाड्यांची झुंबड उडायला लागली. संध्याकाळची गर्दी तशीच राहिली, कारण शुल्क फक्त सकाळी होतं. संध्याकाळचं शुल्क यायला १९८९ उजाडलं.

१९९८ मध्ये सिंगापूरने कागद सोडून इलेक्ट्रॉनिक पद्धत आणली. रस्त्यावर कमानी बसवल्या आणि गाडीतल्या उपकरणातून पैसे कापले जाऊ लागले. रस्त्यागणिक आणि वेळेगणिक दर वेगळे. हे दर ठरवायचं सूत्र वेगावर बांधलं : द्रुतगती मार्गांवर ताशी ४५ ते ६५ किलोमीटर आणि शहरातल्या मुख्य रस्त्यांवर २० ते ३० किलोमीटर. वेग यापेक्षा कमी झाला तर दर वाढवायचा, रस्ता जास्तच मोकळा राहायला लागला तर कमी करायचा. किती पैसे जमले यापेक्षा गाड्या किती वेगाने चालल्या हे पाहून दर ठरवायचा, अशी ही रीत.

लंडन : सुरुवात दणक्यात, मग गळती

लंडनचे महापौर केन लिव्हिंगस्टन २००० मध्ये निवडून आले ते गर्दी शुल्क लावणार असं सांगूनच. १७ फेब्रुवारी २००३ ला शुल्क सुरू झालं. कामाच्या दिवशी सकाळी ७ ते संध्याकाळी साडेसहा, दिवसाला ५ पौंड. वर्तमानपत्रांनी गोंधळाचं भाकीत केलं होतं, ते खरं ठरलं नाही. त्याच सुमाराला शहराने जवळपास ३०० जादा बसही रस्त्यावर आणल्या होत्या. पहिल्या वर्षात हद्दीत येणारी चारचाकी आणि मोठी वाहनं १८ टक्क्यांनी घटली आणि कोंडीमुळे होणारा उशीर ३० टक्क्यांनी कमी झाला. २००४ मध्ये लिव्हिंगस्टन पुन्हा निवडून आले. शुल्कातून उरलेला पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा, असं तिथल्या कायद्यात लिहिलेलं आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. काही वर्षांतच लंडनमधला उशीर जवळपास पूर्वीच्या पातळीवर गेला. हद्दीत येणाऱ्या गाड्या कमीच होत्या, मग असं का? रस्ते खोदण्याची कामं वाढली. रस्त्याची काही जागा बस, सायकल आणि पादचाऱ्यांना दिली गेली. आणि सवलतींमधून गळती सुरू झाली. ॲपवरून बोलावल्या जाणाऱ्या खासगी टॅक्सींना शुल्क माफ होतं. त्यांची संख्या फुगली आणि ही माफी काढायला एप्रिल २०१९ उजाडलं. इलेक्ट्रिक गाड्यांची पूर्ण माफीही अखेर काढावी लागली. धूर सोडत नसली तरी गाडी जागा तेवढीच अडवते.

५ पौंडांचं शुल्क टप्प्याटप्प्याने वाढत २०२० मध्ये १५ पौंड आणि जानेवारी २०२६ मध्ये १८ पौंड झालं. एकदा शुल्क लावलं की काम झालं असं होत नाही, हा लंडनचा धडा.

लंडनच्या शुल्काची एक बाजू भारताशीही जोडलेली आहे. अनेक देशांचे दूतावास हे शुल्क भरत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की हा कर आहे आणि १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार राजनैतिक अधिकाऱ्यांना कर माफ असतो. लंडनची वाहतूक यंत्रणा म्हणते, हा कर नाही, सेवेचं शुल्क आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या थकबाकीदारांच्या यादीत अमेरिका पहिली, जपान दुसरा आणि भारताचा उच्चायोग तिसरा होता. 'कर की शुल्क' हा वाद वरवर शब्दांचा वाटतो, पण पैसे कोणी भरायचे आणि कोणाच्या तिजोरीत जायचे हे त्यावर ठरतं.

स्टॉकहोम : आधी करून दाखवलं, मग विचारलं

स्वीडनच्या राजधानीत सुरुवातीला वातावरण पूर्ण विरोधात होतं. मग तिथे वेगळा मार्ग निवडला गेला. आधी सात महिन्यांची चाचणी घ्यायची आणि नंतर मतदान.

चाचणी ३ जानेवारी २००६ ला सुरू झाली. पण त्याच्या चार महिने आधीच, ऑगस्ट २००५ मध्ये, शहरात १९७ नव्या बस आणि १६ नवे बसमार्ग सुरू झाले होते. कार सोडायला सांगण्याआधी पर्याय रस्त्यावर धावत होता. शुल्क वेळेनुसार १०, १५ किंवा २० क्रोनर आणि दिवसाला जास्तीत जास्त ६०. हद्द ओलांडणारी वाहनं साधारण २० टक्क्यांनी घटली. शहरात येणाऱ्या मुख्य रस्त्यांवर रांगेत जाणारा वेळ एक तृतीयांश ते निम्म्याने कमी झाला.

३१ जुलैला चाचणी संपली, शुल्क बंद झालं आणि गाड्या परत आल्या. फरक कशामुळे पडला होता हे लोकांना दोन्ही बाजूंनी दिसलं. १७ सप्टेंबरच्या मतदानात स्टॉकहोम शहराने निसटत्या बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला. आजूबाजूच्या ज्या नगरपालिकांनी मतदान घेतलं, तिथला एकत्रित कौल विरोधात गेला. हद्दीबाहेर राहून आत कामाला येणाऱ्यांचा हिशेब वेगळा होता.

त्याच दिवशीच्या राष्ट्रीय निवडणुकीत सरकार बदललं. नव्या सरकारने शुल्क ठेवलं, पण पैसा नव्या रस्त्यांच्या कामांकडे वळवला. ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायमचं झालं. पुढच्या काही वर्षांत पाठिंबा वाढत गेला आणि मोठा राजकीय वाद म्हणून हा विषय जवळपास मिटला.

जिथे लोकांनी 'नाही' म्हटलं

गर्दी शुल्क सगळीकडे स्वीकारलं गेलेलं नाही. ज्यांनी ते नाकारलं त्यांच्याकडेही कारणं होती.

हाँगकाँगने १९८३ ते १९८५ या काळात इलेक्ट्रॉनिक शुल्काची चाचणी घेतली. तंत्र चाललं, पण लोकांचा प्रश्न होता : आपली गाडी कधी कुठे होती याची नोंद सरकारकडे कशाला? हाँगकाँग चीनकडे सोपवण्याच्या वाटाघाटी सुरू असतानाचे ते दिवस होते. ही शंका कुणाला अनाठायी वाटली नाही. योजना गुंडाळली गेली.

एडिनबरामध्ये २००५ साली साधारण ७४ टक्के मतदारांनी शुल्क नाकारलं. मँचेस्टरमध्ये २००८ साली ७९ टक्क्यांनी. मँचेस्टरची गोष्ट जास्त बोलकी आहे. शुल्काला होकार दिलात तर सार्वजनिक वाहतुकीत जवळपास ३ अब्ज पौंड गुंतवू, असं आश्वासन होतं. तरीही नकार आला. स्टॉकहोमच्या लोकांनी बस आधी पाहिली होती. मँचेस्टरच्या लोकांनी फक्त आश्वासन ऐकलं होतं.

मिलानमध्ये याच्या बरोबर उलट. तिथे २००८ पासून प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवर शुल्क होतं. लोकांना त्याची सवय झाली होती. २०११ च्या सार्वमतात ७९ टक्क्यांनी ते वाढवायला होकार दिला आणि जानेवारी २०१२ पासून सरसकट ५ युरोंचं गर्दी शुल्क आलं.

पण अनुभव घेतला की लोक बाजूने येतातच, असाही नियम नाही. स्वीडनच्याच योतेबोर्ग शहरात जानेवारी २०१३ मध्ये शुल्क सुरू झालं आणि २०१४ च्या मतदानात ५७ टक्के लोक विरोधात गेले. तिथे कोंडी मुळात स्टॉकहोमइतकी नव्हती आणि शुल्काचा पैसा एका वादग्रस्त रेल्वे बोगद्यासह मोठ्या प्रकल्पांसाठी आधीच बांधलेला होता. मत सल्ल्यापुरतं आहे म्हणत शुल्क चालूच ठेवलं गेलं. 'कोंडीचं नाव, पैशाचं काम' अशी भावना झाली की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

न्यूयॉर्क : पाच वर्षं रखडून, निम्म्या रात्रीत थांबून

न्यूयॉर्कचे महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी २००७ मध्ये ही योजना मांडली होती. २००८ मध्ये राज्याच्या विधिमंडळात ती मतदानाआधीच बारगळली. २०१९ मध्ये कायदा झाला. ३० जून २०२४ ला १५ डॉलरचं शुल्क सुरू होणार होतं, कॅमेरेही बसले होते. पण ५ जूनला गव्हर्नर कॅथी होकल यांनी महागाईचं कारण देत योजना थांबवली. अध्यक्षीय निवडणुकीनंतर, नोव्हेंबरमध्ये, त्यांनीच ती ९ डॉलरवर आणून पुन्हा सुरू केली. हा दर २०२८ मध्ये १२ आणि २०३१ मध्ये १५ डॉलर होणार आहे.

जमणाऱ्या पैशाच्या आधारावर १५ अब्ज डॉलरचं कर्ज उभारायचं आणि ते भुयारी रेल्वे, बस आणि उपनगरी रेल्वेवर खर्च करायचं, अशी रचना आहे. त्यातले ८० टक्के शहराच्या रेल्वे आणि बससाठी. कमी उत्पन्न असणाऱ्यांना महिन्यातल्या पहिल्या दहा फेऱ्यांनंतर निम्मी सवलत आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने केंद्राची मंजुरी काढून घेतली. वाहतूक यंत्रणा कोर्टात गेली आणि मे महिन्यात न्यायाधीशांनी केंद्राला शुल्क बंद पाडण्यापासून रोखलं. दरम्यान कॅमेरे चालूच राहिले. वाहतूक यंत्रणेच्या आकड्यांनुसार पहिल्या वर्षात हद्दीत येणारी वाहनं साधारण ११ टक्क्यांनी कमी झाली.

विरोधातले मुद्दे किती खरे?

पहिला मुद्दा : श्रीमंत पैसे फेकतील आणि जातील, मार गरिबाला बसेल. हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. उत्तर शहरागणिक बदलतं. मॅनहॅटनच्या त्या भागात कामाला येणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक आधीच रेल्वे-बसने येतात. तिथे गाडीने येणारा सरासरीपेक्षा जास्त कमावणारा असतो. म्हणजे पैसा कारवाल्याकडून येतो आणि बस-ट्रेनवाल्यावर खर्च होतो. पण रात्रपाळी करणारा, अपंग असलेला किंवा जिथे रेल्वे पोचत नाही अशा भागातून येणारा माणूस या सरासरीत दिसत नाही. त्याच्यासाठी सवलत नसेल तर आक्षेप खरा ठरतो.

दुसरा मुद्दा : दुकानदारांचा धंदा बसेल. लंडनच्या वाहतूक यंत्रणेच्या सुरुवातीच्या आढाव्यांत एकूण व्यापारावर ठळक परिणाम दिसला नाही, काही दुकानदारांनी मात्र गिऱ्हाईक घटल्याचं सांगितलं. मध्यवर्ती बाजारात बरंचसं गिऱ्हाईक चालत किंवा ट्रेनने येत असेल तर फटका कमी बसतो. माल घेऊन येणाऱ्या टेम्पोचा खर्च मात्र वाढतो आणि तो कुणाच्या तरी बिलात जातो.

तिसरा मुद्दा : गाड्या हद्दीबाहेर साचतील. ही भीती जवळपास प्रत्येक शहरात व्यक्त झाली. म्हणूनच हद्द कुठे आखायची हा तांत्रिक नाही, तर राजकीय निर्णय असतो. हद्दीच्या लगेच बाहेर राहणाऱ्याला शुल्कही लागतं आणि त्याच्या गल्लीत पार्किंगची गर्दीही वाढू शकते.

चौथा मुद्दा : रोड टॅक्स भरतो, पेट्रोलवर कर भरतो, आता आणखी एक? रोड टॅक्स गाडी घेताना लागतो, पेट्रोलवरचा कर अंतरावर. भर गर्दीत सकाळी दहाला दादरला या आणि रात्री दोनला या, दोन्ही करांना फरक पडत नाही. गर्दी शुल्क नेमकं त्या वेळेवर लागतं. पण 'आधीच्या करांचं काय केलंत?' हा प्रश्न यामुळे मिटत नाही.

मग मुंबई-पुण्यात हे चालेल का?

गरज आहे यात वाद नाही. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथं होतं. १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. तंत्रही नवं नाही. फास्टॅग २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर सक्तीचा आहे आणि कॅमेऱ्यावरून ई-चलन घरी येतंच. अडचणी वेगळ्या आहेत.

पहिली अडचण दुचाकी. लंडन आणि स्टॉकहोममध्ये मोटारसायकलला शुल्क नाही, न्यूयॉर्कमध्ये कारच्या निम्मं आहे. पुण्यात तर बहुसंख्य गाड्या दुचाकीच आहेत. त्यांना सूट दिली तर कार सोडून लोक बसऐवजी स्कूटरवर येतील. शुल्क लावलं तर कमी पगाराच्या माणसाचं स्वस्त साधनच महाग होईल.

दुसरी, हद्द. लंडनसारखं एकच केंद्र आता मुंबईला राहिलेलं नाही. फोर्ट-नरिमन पॉइंटबरोबर लोअर परळ, बीकेसी, अंधेरी अशी कामाची ठिकाणं विखुरली आहेत. पुण्यात कोंडी फक्त पेठांत नाही, हिंजवडी आणि खराडीकडेही आहे.

तिसरी, वसुलीवरचा विश्वास. महाराष्ट्रात टोल हा शब्द नुसता उच्चारला तरी लोक सावध होतात. कोल्हापुरात शहरातल्या टोलविरोधात वर्षानुवर्षं आंदोलन झालं आणि अखेर तो टोल रद्द करावा लागला. ई-चलनांची थकबाकी कोट्यवधींची आहे. पैसे कोण भरतं, कोण चुकवतं आणि कुठे जातात, हे उघड दिसल्याशिवाय नव्या शुल्कावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

चौथी अडचण सगळ्यात कमी बोलली जाते : जबाबदार कोण? लिव्हिंगस्टन यांनी शुल्क लावलं आणि निवडणुकीत त्याचा हिशेब दिला. महाराष्ट्रात महापौरपद बहुतांशी मानाचं, प्रशासकीय अधिकार राज्याने नेमलेल्या आयुक्तांकडे. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं मुंबई आणि पुणे महापालिकेत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. शिवाय राज्यघटनेत टोल आणि वाहनांवरचा कर हे राज्यांच्या सूचीतले विषय आहेत. मुंबईची जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली, तेव्हापासून महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर बरीच अवलंबून आहे. गर्दी शुल्काचा पैसा राज्याच्या तिजोरीत जाणार असेल, तर तो बसवर खर्च होईल याची हमी कोण देणार?

आणि पाचवी, पर्याय. मुंबईत मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. दक्षिण मुंबईत कारशिवाय पोचण्याचा एक चांगला मार्ग त्यामुळे तयार झाला. पण त्याच वर्षी मे महिन्यात बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. म्हणजे २०२४-२५ च्या सात महिन्यांत कारचा प्रवेश फुकट झाला आणि बसचं तिकीट दुप्पट. गर्दी शुल्क ज्या दिशेने जातं, त्याच्या बरोबर उलट दिशा.

वाद कशावर व्हायला हवा?

गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव पाहिला तर 'गाड्या कमी होतात का' हा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. सिंगापूर, लंडन, स्टॉकहोम, न्यूयॉर्क, सगळीकडे हद्दीत येणाऱ्या गाड्या कमी झाल्या. कुठे जास्त, कुठे कमी. कोंडी किती काळ कमी राहील, हे मात्र सवलती, दर आणि रस्त्याच्या वापरावर सतत लक्ष ठेवण्यावर अवलंबून आहे.

न सुटलेला प्रश्न क्रमाचा आहे. बस आधी की शुल्क आधी? स्टॉकहोममध्ये बस चार महिने आधी आली, लोकांनी बदल पाहिला, मग मत दिलं. मँचेस्टरमध्ये आधी मत मागितलं आणि बस नंतर देणार होते.

त्यामुळे उद्या मुंबई किंवा पुण्यासाठी असा प्रस्ताव आला, तर दर किती यावर भांडण्याआधी चार गोष्टी विचारता येतील. शुल्क सुरू होण्याआधी नेमक्या किती नव्या बस कोणत्या मार्गावर धावतील? पैसा वेगळ्या खात्यात राहील का आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर होईल का? गाडीच्या हालचालींची नोंद किती दिवसांनी पुसली जाईल? आणि काही महिन्यांच्या चाचणीनंतर ते बंद करण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या कुणाकडे असेल का?

या चारही प्रश्नांना लेखी उत्तर असेल, तर गर्दी शुल्कावर गंभीरपणे चर्चा करता येईल. उत्तर नसेल, तर वेशीवर पुन्हा एक टोलनाका उभा राहील, फक्त त्याचं नाव वेगळं असेल.